भुजली उन्हात

"नाव नोको घेजो वो आता तिचं. भुजली मनजो. जलमभर भुजलीच मनजो."

हा आवाज शांतीबाईचा. मी नववीत असताना तलावाच्या पाळीवर ऐकलेला, ओल्या लुगड्यांच्या आणि कोवळ्या गव्हाच्या वासात. आज तो गोंदियातल्या लॅबमध्ये, स्पिरिटच्या वासातून वाट काढत थेट माझ्या कानाशी आला, तेव्हा माझ्या हातात एक रिकामी ट्यूब होती आणि तिच्यावर चिकटवायचं लेबल. लेबलवर छापलं होतं, नीतू टेंभरे. आता मला दारात जाऊन हे नाव पुकारायचं होतं. सकाळपासून मी तेच करत होते. नाव पुकारायचं, माणूस आत येतो, खुर्चीत बसतो, आपण पुन्हा एकदा त्याचं नाव घेतो, मगच दंडाला रबरी पट्टा. नाव घेतल्याशिवाय सुई नाही, हा इथला पहिला नियम, नाहीतर एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जातं. मी दारापर्यंत गेले. तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच. बाहेरच्या बाकावरची माणसं माझ्याकडे पाहत होती. काउंटरवरून भूमिका म्हणाली, "ताई, बुलाव ना, लाइन वाढून राहिली." मी लेबल खिशात घातलं आणि त्याच्यामागचं नाव पुकारलं. कुणीतरी अग्रवाल आजोबा काठी टेकत आत आले.

आजोबांच्या दंडाला पट्टा बांधताना माझे हात नेहमीसारखेच चालत होते. हातांचं बरं असतं, त्यांना नावं पाठ नसतात. "मुठ्ठी बांधिए दादाजी," मी म्हणाले आणि आतल्या आत मलाच विचारत होते, काऊन वो, कायले भेतं तू? मी गोंदियाजवळ कुडव्यात एकटी खोली घेऊन राहते, स्कूटी चालवते, लग्नाचं विचारणाऱ्या मावशीला फोनवर सरळ नाही म्हणते. ज्या घरानं मला मुक्याने रडायला लावलं त्या घराची पायरी मी कधीची सोडली. आणि तरीही इतक्या वर्षांत या लॅबमध्ये जेवढ्या म्हणून नीतू आल्या, शाळकरी, बाळंतीण, म्हाताऱ्या, त्या सगळ्यांना मी आडनावानं बोलावलं होतं आणि खुर्चीत बसल्यावर, "तुमचं नाव सांगा" असं म्हणून त्यांच्याच तोंडून वदवून घेतलं होतं. हे मला आज, आत्ता, आजोबांच्या वाळक्या दंडावरची शीर बोटानं शोधताना कळलं. मी समजत होते की मी सगळं तोडून आले. माझं तोंड मात्र अजून शांतीबाईच्या घरीच नांदत होतं.

भुजलीची रीत आमच्या घरची नव्हती, माझी मैत्रीण नीतू आणि तिची आई शांतीबाई यांच्या घरची होती. पण गावात रीत एका घरी राहत नाही, ती कोंबडीसारखी कुणाच्याही अंगणात शिरते. सडक अर्जुनीहून आत, मोठ्या रस्त्याचे ट्रक जिथे नुसते घुमल्यासारखे ऐकू येतात, तिथे आमचं गाव. माझ्या पणज्यानं तिथला तलाव बांधला असं आमच्या घरी सांगत, आणि त्याच पाण्यावर त्यांच्या पणज्यानं धान केला असं त्यांच्या घरी सांगत. जात वेगळी, ते पाटलावानी बोलत, आम्ही तलाव बांधणारे. नागपंचमी आली की नीतूच्या घरी आतल्या खोलीत, जिथं दिवसाही दिवा लागे, मातीनं भरलेल्या टोपल्यांत गहू पेरायचे. वर कापड. ऊन लागू द्यायचं नाही. राखीपर्यंत त्या अंधारात गहू वर यायचा, वीतभर, पिवळाधम्मक, जणू हळद लावलेल्या पोरींच्या बोटांची मूठ. राखीच्या दुसऱ्या दिवशी बाया टोपल्या डोक्यावर घेऊन गात गात तलावावर जायच्या, माती पाण्यात सोडायच्या आणि ते पिवळे कोंब हातात ठेवून एकमेकींना द्यायच्या. ज्या दोघींनी ते एकमेकींच्या कानात खोचले त्या जन्माच्या भुजली, याला भुजली बदणं म्हणत. सख्ख्या बहिणीपेक्षा सख्ख्या. एकमेकींचं नाव तोंडातून काढायचं नाही, भेटलं की "सीताराम भुजली" म्हणायचं, तिची माय ती आपली फुलमाय, तिचा बाप आपला बाप. आणि तिचा भाऊ तो आपला भाऊ. हे शेवटचं कुणी मोठ्यानं सांगत नाही. ते त्यातच असतं, धानात खडा असतो तसं.

"अंधाराच्या घरामंदी पिवळी पिवळी पात, तुहा माहा जीव भुजली, धर माहा हात," बाया गात होत्या. नीतूनं माझा हात धरला होता तो किती आनंदानं. तिचे ओठ पाण्यानं निळे पडले होते, दात वाजत होते, आणि ती हसत होती. मी पण. मला वाटलं, झालं, आता ही कुणीच माझ्यापासून काढून घेऊ शकणार नाही. तिनं कोंब माझ्या कानामागे खोचला तेव्हा गार पाण्याचा एक थेंब मानेवरून पाठीत उतरला, तो मला अजून आठवतो, कुठे कुठे थांबत गेला ते सुद्धा. कानाशी शांतीबाई म्हणाली, नाव नोको घेजो. मी मान हलवली. चौदा वर्षांची पोर सगळ्यालाच मान हलवते.

पण त्याच्या चार-दोन दिवस आधीचं काय, ते मी पुष्कळ दिवस पाहिलंच नव्हतं. त्यांच्या बांधीत, धानाच्या शेतात, रोवणा म्हणजे लावणी सुरू होती, मी नीतूसोबत हौसेनं उतरले होते. बायांच्या गाण्याच्या नादात पोटरीला जळू कधी चिकटली ते कळलं नाही. धुऱ्यावर म्हणजे बांधावर आले तर काळी, फुगलेली, माझ्याच रक्तानं गलेलठ्ठ. मी किंचाळले. बाया हसल्या. नीतूचा मोठा भाऊ ओमेश नांगर सोडून आला, शिदोरीतलं मीठ चिमटीत घेऊन त्यानं जळूवर टाकलं. ती गळून पडली. रक्त मात्र थांबेना. "दाबून धर," तो म्हणाला. मी कुठे दाबायचं तेच विसरले, मग त्यानंच आपला चिखलाचा अंगठा धुऱ्यावरच्या पाण्यात बुडवून तिथे दाबून धरला. "जळवीच्या तोंडाले दारू असते वो, म्हणून दुखत नाही. पन रक्त लय वेळ जाते." तो एवढंच बोलला. मी त्याच्या डोक्यातला भोवरा पाहत होते. धुऱ्याच्या त्या टोकाला शांतीबाई जेवणाची टोपली घेऊन उभी होती.  तिनं टोपली खाली ठेवली, पदर खोचला आणि म्हणाली, "भुजलीले या पुष्पांजलीले बोलाव वो नीतू. तुमी दोघी बदून घ्या औंदा."

कितीतरी वर्षं मी तो क्षण प्रेमाचाच समजत होते. काय तिची माया, मी मनात म्हणायचे. आता वाटतं, ती बाई एका नजरेत सगळं वाचून गेली होती. जे मला कळायला अजून तीन पावसाळे लागणार होते, ते तिनं धुऱ्यावरून पाहिलं आणि कुंपण घातलं. काट्याचं नाही, गव्हाच्या कोवळ्या कोंबांचं.

आजोबा गेले, एक बाई आली, मग एक पोलीस शिपाई, त्यानं डोळे मिटून घेतले आणि विचारलं, "मॅडम, सुई नई है ना?" मी प्रत्येकाच्या कोपराला कापूस लावला आणि म्हणाले, दाबून धरा, दबाके रखिए. दिवसभर मी हेच म्हणते. कुणाला ठाऊक, हे शब्द मी कुठून आणलेत.

त्या भुजलीच्या दिवशी माती पाण्यात सोडून, कोंब वाटून बाया घरी गेल्या, तेव्हा ओमेशनं टोपलीतली उरलीसुरली एक मूठ पाळीच्या उतारावर खुपसली होती. मला ते महिन्याभरानं कळलं. मी नीतूकडे चालले होते, त्यानं पाळीवरून हाक मारली, "इकडं ये, तुले एक पाप दाखवतो." गेले. गवतात एका ठिकाणी गहू उभा होता. हिरवागार. "ही तुमची भुजली," तो म्हणाला, "उन्हात ठेवली का हिरवी होते. पिवळी बिवळी काही नसते वो, नुसता उजेड नाही भेटला तिले. गहूच तं होय." मला त्याचा राग आला होता. खूप राग आला, कारण मी हात पुढे करून त्या पातीला शिवले आणि ती गव्हाच्याच पातीसारखी खरखरीत लागली. नीतूला सांगू नको, असं तो म्हणाला नाही. मीही सांगितलं नाही. तेवढं एक गुपित आमच्यात पेरलं गेलं.

पुढच्या वर्षी राखीला शांतीबाईनं माझ्या हातात राखी दिली. लाल गोंड्याची, मध्ये चकाकणारी टिकली. "फुलभावाले बांध." मी राखी घेऊन त्यांच्या अंगणात बसले. तो आलाच नाही. नीतू शोधायला गेली तर म्हणे बांधीत आहे, परे, धानाची रोपं, गेलेल्या जागी नवे परे लावतो आहे. मी धुऱ्यावर गेले. त्यानं कोपरापर्यंत चिखलात बुडालेले दोन्ही हात वर केले. "कुठं बांधतं? चिखल हाये." म्हटलं धुऊन ये. "धुतो ना. काम झालं का धुतो." दिवस मावळला तरी त्याचं काम झालं नाही. शेवटी नीतूनं राखी देवाजवळ ठेवली. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्याही. सगळा गाव नवे कपडे घालून फिरायचा आणि ओमेश राखीच्या दिवशी पहाटेपासून चिखलात. "याले सणावारीच कामं सुचते," त्याचा बाप उमराव म्हणायचा.  शांतीबाई तांदूळ निवडत राहायची आणि त्या निवडण्याचा आवाज मोठा होत जायचा. मला मात्र तिसऱ्या वर्षी समजलं. मी धुऱ्यावर उभी होते, राखी माझ्या मुठीत, तो हात वर करून हसत होता, चिखल त्याच्या कोपरावरून टपटप गळत होता, आणि माझ्या छातीत असं काही उघडलं की जणू तलावाचं तुडूम, पाणी अडवणारं दार, कुणी एकदम वर ओढलं. मी राखी चोळामोळा करून तिथेच चिखलात टाकली. त्यानं पायानं ती खाली दाबली. आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. असलं प्रेमाचं बोलणं कुठे कुणी ऐकलं असेल?

मग बारावी, मग कॉलेज. सडक अर्जुनीच्या एका ढाब्यावर, जिथे ट्रकवाले बाजेवर आडवे होत, आम्ही चहा प्यायचो, तो गाडीला टेकून आणि मी उगाच मोबाइलमध्ये बघत. गाव तिथून पुरेसं लांब होतं. त्याचा हात माझ्या हातात एकदाच आला आणि तो सुटला नाही, असं मी मनात धरून आहे. तो एकदा म्हणाला, "लोकाईले सांगून टाकू." मी म्हटलं, काय सांगायचं? म्हणाला, "का तू माही भुजली नाही, बहीण नाही, तू माही पुष्पांजली होस." माझं पूर्ण नाव घेणारा त्या घरात तोच एक होता. नीतू भुजली म्हणायची, शांतीबाई बाई म्हणायची. माझं नाव त्याच्याच तोंडात जिवंत होतं.

सांगितलं त्यानं. मला वाटलं होतं की आकाश कोसळेल, ओरडाआरडा होईल, कुणी जात काढेल. तसं काही झालं नाही. कुणी जातीचं नाव घेतलं नाही, ना माझ्या बापानं, ना त्याच्या. ते घ्यायची गरजच पडली नाही. सगळ्यांनी भुजली पुढे केली. माझा बाप खाली मान घालून म्हणाला, "भाऊ लागते तो तुहा." आई म्हणाली, "तलावाच्या साक्षीनं बदली हाय तू." उमराव कुणाकडे न पाहता म्हणाला, "बहिणीवर नजर टाकते का कोनी?" आणि शांतीबाई, धुऱ्यावर उभी राहिलेली ती शांतीबाई, रडत रडत म्हणाली, "मीनं तुले पोरीवानी धरलं वो." नीतू माझ्याजवळ आली. तिचा चेहरा पांढरा होता. "भुजली," ती म्हणाली, "असं नोको करू वो." मी वाट पाहत होते, तिनं मला एकदा नावानं हाक मारावी. फक्त एकदा. ती परत म्हणाली, "भुजली."  तेव्हा जे बोलायचं होतं ते सगळं मी गिळलं आणि ते पोटात बसलं.

ओमेश रायपूरला गेला. म्हणाला, कामाला लागतो, जागा पाहतो, मग येतो, तू परीक्षा दे. आला. सडक अर्जुनीच्या वळणापर्यंत आला. पलीकडून येणाऱ्या ट्रकनं त्याला तिथून पुढे येऊ दिलं नाही. त्याच ढाब्यावरच्या माणसांनी त्याला उचललं.

मला बोलावणं आलं. का येणार नाही, मी भुजली, घरची लेक. शेजारच्या सुशीलाबाईनं मला हाताला धरून आत नेलं आणि नीतूजवळ, बहिणींच्या रांगेत बसवलं. बाया सूर धरून रडत होत्या. "भाऊ गेला वो माय, माहेराची वाट मोडली." माझी पाळी आली. सगळ्या थांबल्या. मला म्हणायचं होतं, भाऊ गेला वो माय. माझ्या गळ्यात शब्द होते, सूर होता, लहानपणापासून रोवण्यात मी त्याच सुरात गायले होते. पण भाऊ हा शब्द माझ्या तोंडातून निघेना. मला त्याला एवढं तरी वाचवायचं होतं. त्यानं तीन वर्षं चिखलात हात घालून जे टाळलं, ते मी त्याच्या प्रेतापाशी बसून कसं करायचं? कुणीतरी कुजबुजलं, "पोट्टीच्या डोळ्यात पानी नाही." दुसरी म्हणाली, "भुजली कायची वो ही, दगड होय." नीतूनं माझा दंड घट्ट धरला, "रड ना भुजली. तूबी बहीण होतीस ना त्याची. रड ना." मी उठले. भरल्या घरातून, कोरड्या डोळ्यांनी, सगळ्यांच्या देखत चालत बाहेर आले. पाळीवर गेले. तिथे गवत होतं, गहू नव्हता. तिथे मी बसून जे रडले ते कुणाची बहीण म्हणून नव्हतं. तेवढं माझं होतं. पण ते कुणी ऐकलं नाही. आणि न ऐकलेलं रडणं संपत नाही, ते माणसाला घेऊन फिरतं, कुडव्याच्या खोलीत, स्कूटीवर, लॅबमध्ये.

"मॅडम, मेरे बादवालों का हो गया, मेरा नाम ही नहीं लिया आपने." दारात ती उभी होती. अंगानं भरली होती, पोट पुढे आलेलं, सातवा-आठवा असावा. मागे बाकावरून हातातली पिशवी सावरत शांतीबाई उठत होती, केस पूर्ण पांढरे. नीतूनं मला पाहिलं आणि तिच्या तोंडावरून एका क्षणात हिंदी, राग, शहर सगळं उतरलं. "भुजली?" ती म्हणाली. मग सवयीनं, खाली पाहत, "सीताराम भुजली."

मी "सीताराम" म्हणाले नाही. "बस," म्हणाले, खुर्चीकडे हात केला.

शांतीबाई आत आली. लॅबमध्ये सोबतच्यांना आत येऊ देत नाहीत, पण तिला कोण अडवणार. "आवं माय," ती म्हणाली, "इथं होयस का तू? मायच्या पाया पडाले कंबर दुखते का वो आता?" टोमणा होता, पण त्यातही एक ओलावा होता आणि त्यानंच मला जास्त भीती वाटली. त्या ओलाव्यातच तर मी वाढले होते, अंधाराच्या खोलीत, पिवळी.

"दुखते," मी म्हणाले.

भूमिका दारातून डोकावली, "ताई, ये पेशंट का नाम कन्फर्म करके डालो, डॉक्टर ओरडले होते काल." नीतू हसली, थोडी बिचकत. "नाव तं हिले मालूम हाये," ती म्हणाली, "पन घेत नाही ना ही. आमी भुजली होन." मी रबरी पट्टा हातात घेतला. मी म्हणू शकले असते, तूच सांग तुझं नाव. आजवर सगळ्या नीतूंना म्हणाले तसंच. सुटका अगदी समोर होती, दार उघडंच. मी तिच्या गोऱ्या दंडावर पट्टा बांधला, गाठ मारली. या हातांनी मी दिवसभर दंडांना काहीतरी बांधत असते आणि ज्याला बांधायचं नव्हतं त्याला कधीच बांधलं नाही. कोपरात शीर वर आली, निळी. मला एकदम पाळीवरच्या गव्हाची पात आठवली, हिरवी, खरखरीत. नुसता उजेड नाही भेटला तिले.

"नीतू," मी म्हणाले.

नाव सगळ्या खोलीत ऐकू गेलं. माझ्याच कानाला ते नवं लागलं, मोठं, उघडं. शांतीबाईचा हात कानाकडे गेला, जणू तिथे खोचलेलं काही पडलं. "पोट्टी! नाव घेतलं तुनं? भुजली मोडतं तू? तलावात उभं राहून बदली होती वो तू!"

"गहूच तं होता तो, काकू," मी म्हणाले. फुलमाय नाही. काकू. हेही तोंडातून पहिल्यांदाच निघालं आणि जड लागलं नाही.

नीतू माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत राग येईल असं मला वाटलं होतं. तो आला नाही. तिनं आपला दुसरा हात पोटावर ठेवला आणि अगदी हळू, शाळेतल्या बाकावरच्यासारखं विचारलं, "लय टोचते का वो, पुष्पा?"

"नाही टोचत. मूठ बांध." सुई आत गेली. रक्त ट्यूबमध्ये चढू लागलं, गडद, शांत. मी पट्टा सोडला. सुई काढली, कापूस लावला, आणि तिला दाबून धरायला सांगायच्या ऐवजी माझाच अंगठा तिथे ठेवला. शांतीबाई तिच्या मागेच उभी होती, ऐकत. ऐकू दे. तिच्यासमोरच बोलायचं होतं ते.

"नीतू," मी म्हणाले, "त्या दिवशी रडली नाही मी तुमच्या घरी, काऊन का तुमी मले त्याची बहीण मनून बसवलं होतं. ओमेश माहा भाऊ नोहता. जीव होता माहा त्याच्यावर. आताबी हाये."